रिमोटचा रणगाडा बिघडलेला निघाला: परत करायचा की घरीच उघडायचा?

१:१६ आकाराच्या रिमोटच्या रणगाड्यात साध्या रिमोटच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त सामान असतं. ट्रॅक, म्हणजे चाकांवरचे पट्टे, फिरवायला दोन मोटरी आणि त्यांचे दोन गिअरबॉक्स, टरेट, म्हणजे वरचा बुरूज, फिरवायला वेगळी मोटर, तोफेची नळी वर-खाली करायला आणखी एक, छर्रे मारायचं यंत्र, धुराचा पंप, स्पीकर आणि या सगळ्यांच्या वायरी जिथे येऊन मिळतात तो एकच बोर्ड. एवढ्या जोडण्या असल्या की एखादी सैल निघू शकते, आणि नव्या रणगाड्यातले बरेचसे बिघाड खरोखर किरकोळच असतात. नव्या माणसाला फटका बसतो तो दोन गोष्टींनी: पहिल्याच संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला म्हणून, नाहीतर 'रविवारी निवांत बघू' म्हणत परतीची मुदत हातची घालवली म्हणून.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी बाहेरून तपासणी, मग निर्णय, आणि अगदी शेवटी स्क्रू.

खोका फोडण्याआधी

ऑनलाइन मागवलेल्या खेळण्यांवर परतीची किंवा बदलीची मुदत साधारण ७ ते १० दिवसांची असते. काही विक्रेते फक्त बदली देतात, पैसे परत करत नाहीत. ऑर्डरच्या पानावर नेमकं काय लिहिलंय त्याचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा.

खोका उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या, मध्ये कट नको. त्यात कुरिअरचं लेबल, खोक्याची सीलपट्टी, आतलं सगळं सामान आणि मॉडेलचा नंबर स्पष्ट दिसायला हवा. आरसे, अँटेना, टो-केबल, हेडलाइट असे बारीक तुकडे वेगळ्या पिशवीत येतात. तेही मोजून कॅमेऱ्याला दाखवा. परत करताना 'पार्ट कमी आहेत' म्हणून अडवणूक होते ती बहुतेक याच पिशवीवरून.

थर्माकोल आणि बाहेरचा खोका मुदत संपेपर्यंत टाकू नका. मुंबईच्या घरात एवढा मोठा खोका ठेवायचा म्हणजे जिवावर येतं आणि तो दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याकडे जातो, पण मूळ खोक्याशिवाय माल परत घ्यायला बरेच विक्रेते नकार देतात. पलंगाखाली, माळ्यावर, जिन्याखाली, कुठेही दोन आठवडे जपा.

बिघाड आहे, की चालू करायची पद्धत चुकतेय?

'चालत नाही' म्हणून परत पाठवलेल्या रणगाड्यांपैकी काही चांगलेच असतात. पुढच्या गोष्टी तपासल्याशिवाय तक्रार टाकू नका.

रिमोट आधी चालू करायचा, रणगाडा नंतर. बंद करताना उलट. हेंग लाँग या चिनी कंपनीच्या रणगाड्यांसारख्या मॉडेलांत पॉवर दिली तरी गाडी लगेच हलत नाही. रिमोटवरचं इंजिन सुरू करायचं बटण दाबावं लागतं, इंजिन धडधडल्याचा आवाज होतो आणि त्यानंतरच रिमोटच्या काड्या काम करतात. नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत या एका बटणापाशी होते.

सोबत येणारा यूएसबी चार्जर सावकाश चार्ज करतो. १८०० एमएएचचा पॅक ५०० मिलिअँपिअरने भरायला चार तासांच्या आसपास लागतात. अर्ध्या तासात काढून लावला तर रणगाडा दोनदा गुरगुरतो आणि गप्प होतो. रिमोटमधले सेलही नवे, एकाच कंपनीचे आणि अल्कलाइन घाला. भिंतीवरच्या घड्याळातून काढलेले नकोत.

टरेट एका जागी अडकून कटकट करत असेल तर मॅन्युअल बघा. काही मॉडेलमध्ये टरेट पूर्ण ३६० अंश फिरतच नाही, ठरावीक जागी थांबतो आणि आतला क्लच घसरून आवाज करतो. तो बिघाड नव्हे. धूर पहिल्यांदा कमी येणं, नव्या ट्रॅकची करकर, पहिल्या दोन-तीन बॅटऱ्या संपेपर्यंत गिअरचा जरा जास्त आवाज, हेही चालायचंच.

स्क्रू न उघडता करायची तपासणी

रणगाडा एखाद्या स्टीलच्या डब्यावर किंवा दोन जाड पुस्तकांवर असा ठेवा की दोन्ही ट्रॅक अधांतरी राहतील. आता रिमोटवर एकेक काम करून बघा आणि सगळं मोबाइलवर टिपा. दोन्ही ट्रॅक पुढे, दोन्ही मागे, फक्त डावा, फक्त उजवा, टरेट, नळी, दिवे, आवाज, धूर. छर्रे भरायचे नाहीत.

यानंतर साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. नसेल तर विकत घ्या, या छंदात तो लागणारच. डीसी २० व्होल्टवर लावून बॅटरीच्या प्लगमध्ये मोजा. ७.४ व्होल्टचा लिथियम पॅक पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्टच्या जवळ दाखवतो. ७.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅकही चार्जरवरून काढल्या-काढल्या साधारण तेवढाच दाखवेल. चार तास चार्ज करूनही लिथियम पॅक ७ व्होल्टच्या खाली असेल तर पॅक किंवा चार्जर खराब आहे. ५ व्होल्टच्या खाली गेलेला लिथियम पॅक पुन्हा चार्ज करायचा प्रयत्नच करू नका. आतला सेल खोलवर उतरलेला असतो आणि असा सेल चार्ज होताना तापून पेट घेऊ शकतो.

व्होल्टेज बरोबर आहे पण रणगाड्यात काहीच जीव नाही, असं असेल तर प्लगच्या आत डोकावून बघा. पांढऱ्या प्लास्टिकच्या तामिया पद्धतीच्या प्लगमध्ये पितळी पिन मागे सरकलेली असते. प्लग बाहेरून घट्ट बसलेला दिसतो, आत पिन पिनला टेकतच नाही. चिमट्याने पिन पुढे ढकलली की खट् आवाज करून बसते. एवढ्यावर काम झालं तर तक्रार करायचीही गरज नाही.

आता निर्णय

मुदत शिल्लक असेल आणि खालीलपैकी काही दिसलं तर बिनदिक्कत परत करा:

- जळका वास, बोर्डाच्या जागी गरम लागणं, चालू केल्यावर आपोआप पळणं
- फुगलेली बॅटरी
- आवाज येतो, दिवे लागतात, पण दोन्ही ट्रॅक मेलेले
- रिमोट आणि रणगाडा एकमेकांना ओळखतच नाहीत, मॅन्युअलप्रमाणे पुन्हा जोडूनही नाही
- खालच्या सांगाड्याला तडा, वाकडा अॅक्सल, तिरकं बसलेलं चाक
- जाहिरातीत स्टीलचा गिअरबॉक्स किंवा धातूचे ट्रॅक आणि हातात प्लास्टिकचे

शेवटचा मुद्दा हलका समजू नका. एकाच टायगर रणगाड्याच्या तीन-तीन आवृत्त्या विकल्या जातात, बाहेरून सारख्याच दिसतात, किमतीत मोठा फरक असतो. धातूचे ट्रॅक आणि प्लास्टिकचा गिअरबॉक्स ही जोडी तर घेऊच नये. ट्रॅकच्या वजनाने प्लास्टिकचे दात काही दिवसांत गळतात.

सुटलेला प्लग, सैल ट्रॅक, निघालेलं चाक, अडकलेला छर्रा, न वाजणारा स्पीकर, तुटलेला आरसा ही कामं घरी होतात. एकच ट्रॅक न फिरणं हे मधलं प्रकरण. सैल प्लग असेल तर पाच मिनिटांचं काम, बोर्ड गेला असेल तर महागात जाणारं. मुदत असेल तर अशा वेळी परतीचाच पर्याय घ्या. बोर्ड अर्धवट मेलेला असेल तर दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, तो बदलावाच लागतो.

तिसरा मार्ग पुष्कळांना सुचत नाही: विक्रेत्याकडून फक्त तो पार्ट मागवणे. तीन-चार किलोचा खोका परत नेण्यापेक्षा एक गिअरबॉक्स पाठवणं त्यालाही परवडतं. पण ही कबुली लेखी घ्या, तारीख ठरवून घ्या, आणि पार्ट बसून रणगाडा चालेपर्यंत परतीची विनंती मागे घेऊ नका. 'रिक्वेस्ट कॅन्सल करा, मग पाठवतो' असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा.

मुदत संपलेली असेल तर पार्टची किंमत बघा. पार्ट आणि पोस्टेज मिळून रणगाड्याच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आत बसत असेल तर दुरुस्ती करावी. त्यापुढे गेलं तर तो रणगाडा सुट्या भागांसाठी ठेवलेला बरा.

परत करताना

तक्रारीत 'खराब आहे' एवढंच लिहू नका. असं लिहा: 'पूर्ण चार्ज केलेली बॅटरी, व्होल्टेज ८.३. रिमोट जोडला जातो, इंजिनाचा आवाज येतो. उजवा ट्रॅक पुढे-मागे कुठेच फिरत नाही. व्हिडिओ जोडला आहे. कोणताही स्क्रू उघडलेला नाही.' इतकं स्पष्ट लिहिलं की 'बॅटरी चार्ज करून बघा' हे ठरावीक उत्तर येण्याचा प्रश्नच उरत नाही.

पॅक करताना बॅटरीचा प्लग काढा आणि प्लगच्या तोंडाला चिकटपट्टी लावा. छर्ऱ्यांची टाकी रिकामी करा. धुराच्या यंत्रात तेल असेल तर खोका उभा जाईल असं बाहेर ठळक लिहा, नाहीतर तेल बोर्डावर उतरतं आणि दोष तुमच्यावर येतो. पॅकिंगचाही व्हिडिओ घ्या. पिकअपवाला आला की पावती किंवा मेसेज मिळाल्याशिवाय खोका देऊ नका. सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवून कामाला निघून जाणं टाळा, कारण त्याच्या हातून खोका नेला की पावतीचं कोणी विचारत नाही.

फुगलेली लिथियम बॅटरी मात्र खोक्यात घालून कुरिअरला देऊ नका. ती रणगाड्यातून काढून खिडकीबाहेरच्या जागेत मातीच्या कुंडीत ठेवा, उन्हापासून लांब, आणि तिचं काय करायचं ते विक्रेत्याला लेखी विचारा.

विक्रेता टाळाटाळ करत असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत, काहीच दिलेलं नसेल तर ३० दिवसांत. ई-कॉमर्सचे नियम २०२० सालचे. त्यांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकालात काढायची असते. त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे. आधी त्याला ईमेल करा.

तिथे काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. ऑर्डर नंबर, तारीख, रक्कम आणि ईमेलची तारीख समोर ठेवूनच फोन लावा. अनेक कंपन्या या टप्प्यावर ताळ्यावर येतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कागदपत्रं कशी लावायची ते कळत नसेल तर १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीकडे मार्गदर्शन मिळतं.

क्रॉफर्ड मार्केटमधून घेतला असेल, किंवा परदेशातून

दुकानात पैसे देण्याआधी रणगाडा काउंटरवर चालवून दाखवायला सांगा. 'बॅटरी चार्ज नाही, घरी जाऊन करा' हे उत्तर लिथियम पॅकच्या बाबतीत पटण्यासारखं नाही. हे पॅक कारखान्यातून अर्धवट चार्ज होऊनच येतात, पाच मिनिटं सहज चालतात. तारीख आणि मॉडेलचं नाव असलेलं पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर दोनशे रुपये वाचतील, पण उद्या त्या चिठ्ठीवर कोणी ओळखसुद्धा दाखवणार नाही. बिलावर 'माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का असला तरी सदोष मालाबाबतचा तुमचा हक्क त्याने जात नाही. त्याच आठवड्यात बिल घेऊन जा. सकाळी दुकान उघडल्यावर, गर्दी नसताना गेलं की बोलणं नीट होतं.

परदेशी विक्रेत्याकडून थेट मागवलेल्या रणगाड्याचं गणित वेगळं. भरलेली कस्टम ड्युटी सहजासहजी परत मिळत नाही, परतीचा हवाई खर्च बहुधा तुमच्या माथी येतो, आणि लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यावर निर्बंध आहेत. अशा वेळी भांडून फक्त पार्ट किंवा काही रक्कम परत मागा. पेमेंट ज्या मार्गाने केलं तिथे वाद नोंदवण्याची मुदत असते, ती चुकवू नका.

घरीच उघडायचा असेल तर

हत्यारं थोडीच, पण बरोबर मापाची. पीएच० आणि पीएच१ असे दोन फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, बारीक चिमटा, २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, ०.८ मि.मी.ची फ्लक्सवाली सोल्डर तार, ३ मि.मी.ची हीट श्रिंक ट्यूब, पांढरं लिथियम किंवा सिलिकॉन ग्रीस. स्क्रू ठेवायला बर्फाचा ट्रे. प्रत्येक खणात एका जागेचे स्क्रू, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर कवचातून आरपार बाहेर येतो.

बॅटरी आधी काढा. टरेट जागेवरून कसा सुटतो ते मॅन्युअलमध्ये बघून काढून ठेवा. वरचं कवच बहुतेक मॉडेलमध्ये खालच्या बाजूच्या स्क्रूंनी धरलेलं असतं, काहींत मागे खाचाही असतात. स्क्रू निघाले की कवच एकदम उचलू नका. वरच्या भागातून दिवे, स्विच आणि टरेटच्या वायरी खालच्या बोर्डापर्यंत गेलेल्या असतात आणि त्या आखूड असतात. पुस्तकाचं पान उलटावं तसं एका बाजूने सावकाश उघडा आणि लगेच आतला फोटो काढा, वरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. बोर्डावर बारा-पंधरा प्लग असू शकतात आणि दोन पिनांचे प्लग एकमेकांच्या जागी आरामात बसतात. काढण्याआधी प्रत्येकावर कागदी टेपचा तुकडा लावून नाव लिहा.

सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी सगळे प्लग बोटाने एकेक दाबून बघा. कारखान्यात त्यांवर गरम गोंदाचा ठिपका टाकतात. तो निसटला की वाहतुकीच्या हादऱ्यांनी प्लग अर्धवट सुटतो.

*एकच ट्रॅक फिरत नाही.* ही तपासणी नीट समजून घ्या, बरेच बिघाड इथेच उलगडतात. बोर्डावरचे डाव्या आणि उजव्या मोटरचे प्लग एकमेकांच्या जागी लावा आणि रणगाडा डब्यावर ठेवून चालवा. दिशा उलटसुलट होतील, त्याकडे लक्ष देऊ नका. आधी मेलेला ट्रॅक आता फिरला आणि दुसरा थांबला, तर मोटर ठीक आहे, बोर्डाची एक बाजू गेली आहे. तोच ट्रॅक अजूनही मेलेलाच असेल, तर दोष मोटर, तिची वायर किंवा गिअरबॉक्समध्ये आहे.

मग त्या मोटरचा प्लग बोर्डावरून काढून तिच्या वायरींना दोन पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्ट, थेट लावा. चांगली मोटर सावकाश फिरते. फिरली नाही तर मल्टिमीटर ओहमवर लावा. काही ओहम दाखवत असेल, तर मोटर बहुधा जिवंत आहे, गिअर अडकलाय. काहीच दाखवत नसेल तर मोटरच्या टर्मिनलवर वायरचा सोल्डर सुटलाय का बघा. तिथे १०४ लिहिलेले छोटे कपॅसिटर लावलेले असतात. त्यांचा पाय टर्मिनलवरून मोटरच्या पत्र्याला भलत्या जागी टेकला तरी शॉर्ट होतो.

वायर पुन्हा जोडताना आधी टर्मिनल स्वच्छ खरवडा, दोन्हीकडे थोडा सोल्डर लावून घ्या आणि मग दोन-तीन सेकंदांत काम उरका. आयर्न जास्त वेळ टेकवला तर मोटरच्या मागचं प्लास्टिक वितळून ब्रश वाकडे होतात.

*फिरतो, पण कटकट आवाज येतो.* ट्रॅक काढा, नुसतं स्प्रॉकेट, म्हणजे ट्रॅक ओढणारं दातेरी चाक, फिरू द्या आणि बोटाने हलका रोध द्या. रोध दिल्यावर मोटरचा आवाज चढतो पण स्प्रॉकेट थांबतं, असं झालं तर पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, मोटरच्या शाफ्टवर घसरतंय. प्लास्टिकच्या पिनियनला उभी चीर गेलेली असते, ती भिंगातून दिसते. ठरावीक अंतराने टक् होत असेल तर एखादा दात तुटलाय. पिनियन फेव्हिक्विकने चिकटवू नका. चार मिनिटं धरतं, मग पुन्हा सुटतं, आणि पातळ गोंद मोटरच्या बेअरिंगमध्ये उतरला तर मोटरही गेली. शाफ्ट २ मि.मी.चा आहे की २.३ मि.मी.चा ते कॅलिपरने मोजा, दात मोजा, आणि पितळी पिनियन घ्या. मोठ्या गिअरचे दात गेले असतील तर दोन्ही बाजूंचे गिअरबॉक्स जोडीनेच बदला. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी एका बाजूला ओढते.

गिअरबॉक्स मागवताना मॉडेल बघूनच मागवा. टायगर, पँथर, शर्मन यांचं स्प्रॉकेट पुढे असतं. टी-३४, लेपर्ड २, एब्रम्स यांचं मागे. अॅक्सलची लांबी आणि जागा प्रत्येकात वेगळी असते.

मोटरचे स्क्रू लांबट भोकांत बसत असतील तर पिनियन आणि गिअरच्या मध्ये साध्या कागदाची पट्टी धरून मोटर दाबा, स्क्रू आवळा आणि कागद फिरवून बाहेर काढा. उरतो तेवढा फटीचा हिशेब बरोबर असतो. ग्रीस दातांवर पातळ लावा, जाड थापू नका. गंज काढायचे फवारे आणि पेट्रोलियमचं तेल प्लास्टिकपासून लांब ठेवा, त्याने काही प्लास्टिक ठिसूळ होतं. स्क्रू सुटू नये म्हणून लावायचं निळं थ्रेड लॉकरही फक्त धातूत धातू बसतो तिथेच. प्लास्टिकला ते तडे पाडतं.

*ट्रॅक उतरतो.* कारण बहुतेक वेळा सैलपणा. वरच्या बाजूचा ट्रॅक मधोमध बोटाने दाबल्यावर चार-पाच मि.मी. खाली जावा. जास्त जात असेल तर आयडलर, म्हणजे स्प्रॉकेटच्या विरुद्ध टोकाचं चाक, स्प्रॉकेटपासून लांब सरकवून ताण वाढवा. तशी सोय नसेल तर एक कडी कमी करा. पिन बारीक तारेने एका बाजूने ठोकून बाहेर येते. दोन्ही बाजूंच्या कड्या सारख्याच ठेवा. फार ताणलं तर मोटर तापते, म्हणून तारेसारखा ताठ ट्रॅक नको. मुंबईच्या फ्लॅटमध्ये आणखी एक कारण असतं: फरशीवरचे लांब केस आणि चटईचे धागे. ते स्प्रॉकेटच्या अॅक्सलवर गुंडाळून आत गिअरबॉक्सपर्यंत जातात. चिमट्याने काढा, कापून ओढू नका.

ट्रॅक अडकला असेल तेव्हा रिमोटची काडी पुढे दाबून धरू नका. अडकलेली मोटर मोकळ्या मोटरपेक्षा कित्येक पट करंट ओढते आणि तो सगळा बोर्डावरच्या मॉस्फेटमधून, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या भागातून, जातो. बोर्ड जळण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

बाकीचं थोडक्यात. आवाज नसेल तर स्पीकरच्या वायरींना क्षणभर १.५ व्होल्टचा सेल लावा. टक् आवाज आला तर स्पीकर चांगला आहे, नाही आला तर त्याच व्यासाचा ८ ओहमचा नवा घाला. छर्रे अडकले तर टाकी रिकामी करून नळी खाली करून हलवा. खरखरीत, शिवण असलेले स्वस्त छर्रे वापरू नका, ६ मि.मी.चे गुळगुळीत घ्या. नळीत कधीही डोकावू नका, आणि छर्रे मारताना खोलीतल्या सगळ्यांनी डोळे झाकणारा संरक्षक चष्मा घालावा, लहान मुलांनी आधी. धूर येत नसेल तर मॉडेल रेल्वेसाठी मिळणारं धुराचं तेल दोन-तीन थेंब टाका. कोरडं यंत्र चालवलं की आतली तापणारी तार जळते.

सामान कुठे मिळेल

लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला. प्लग, सिलिकॉन वायर, हीट श्रिंक, १०४चे कपॅसिटर, ८ ओहमचे स्पीकर, छोटे स्विच, मल्टिमीटर, सगळं एका फेरीत होतं. बिघडलेला तुकडा सोबत न्या, तो दाखवला की दुकानदार मापाचा काढून देतो. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. बारीक स्क्रू, बेअरिंग, ग्रीससाठी क्रॉफर्ड मार्केट-मशीद बंदर पट्ट्यातली नागदेवी स्ट्रीट. रणगाड्याचे खास भाग, म्हणजे गिअरबॉक्स, बोर्ड, ट्रॅक हे तिथे शोधत फिरू नका. ते मॉडेलच्या नावाने ऑनलाइनच मागवावे लागतात. बोर्ड मागवताना आवृत्तीचा नंबर आणि रिमोट जुळतो का हे आधी विचारा.

बंद करताना आणि नंतर

कवच मिटवण्याआधी सगळी कामं एकदा डब्यावर चालवून बघा. वायरी गिअरच्या वाटेत नाहीत ना, टरेटच्या रिंगखाली चिमटत नाहीत ना, हे टॉर्चने बघा. स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात बसल्याची हलकी टक् जाणवली की मग सुलटा आवळा, म्हणजे प्लास्टिकचे आटे मरत नाहीत.

मग सपाट फरशीवर पाच मिनिटं चालवा, थांबवा आणि मोटरींच्या जागी खालून हात लावा. कोमट चालेल. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिकडचा ट्रॅक ताठ आहे किंवा गिअर घट्ट बसलाय. पुन्हा उघडा. जुहू-गिरगावच्या वाळूवर नेऊ नका. खारी वाळू गिअरबॉक्समध्ये शिरली की दात खरवडले जातात आणि पिना गंजतात. पावसाळ्यात महिनाभर वापर नसेल तर बॅटरी बाहेर काढून लिथियम पॅक ७.६ व्होल्टच्या आसपास ठेवा आणि रणगाडा सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात. समुद्राजवळच्या घरांत बॅटरीच्या पिनांवर हिरवट थर येतो. तो दिसला की जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या.